जपा बाई, पण कसं?

जुन्या इमारती जपायला हव्यात असं कुणी म्हटलं, की आपल्यापैकी पुष्कळजणी मनातल्या मनात म्हणतात, "जपा बाई! पण आधी तिथे चार पावसाळे राहून दाखवा."

मलाही पुष्कळदा तसंच वाटतं. माझं सासर वाईचं. वाडा देखणा आहे, पण माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो, जिना उभा आणि अंधारा, आणि श्रावणात गळतीखाली ठेवायला घरातली पातेली पुरत नाहीत. पाडून तिथे फ्लॅट बांधावेत असं धाकट्या भाऊजींचं म्हणणं. ह्यांचं मन होत नाही. दिवाळीला सगळे जमलो की चकलीबरोबर हा विषय ताटात येतोच!

म्हणूनच भायखळा स्टेशनाचं मला फार कौतुक वाटतं. आम्ही ठाण्याला राहतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, तेव्हापासूनचं हे स्टेशन; आताची दगडी इमारत 1857 ची. म्हणजे वय दीडशेच्या वर, आणि अजूनही कामातच! 2019 साली तिच्या दुरुस्तीला हात घातला गेला. मध्ये करोनाचा काळ आला, तरी काम सोडलं नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये ते पुरं झालं. 'आय लव्ह मुंबई' ही संस्था, बजाज मंडळींच्या दानाचा पैसा, आभा नारायण लांबा यांचं वास्तुशास्त्राचं ज्ञान आणि रेल्वेची साथ, असे अनेक हात त्याला लागले. त्याच वर्षी युनेस्कोने आशिया-पॅसिफिक भागासाठीच्या वारसा-जतन पुरस्कारांत या स्टेशनाचा गौरव केला.

शाळेच्या मुलांना राणीच्या बागेत न्यायचं, तर उतरायचं इथेच. मी आठवड्यातून तीन दिवस शिकवते, पण सहलीला हमखास माझीच नेमणूक! बागेच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 साली लोकांसाठी खुलं झालेल्या या वास्तूला 1975 मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. तीही पुढे जीर्ण झाली होती. मग महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक यांनी मिळून तिचं काम काढलं. तस्नीम मेहता यांनी ते नेटाने पुढे नेलं आणि विकास दिलावरी यांनी इमारत दुरुस्त केली. 2005 मध्ये तिला युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये दारं पुन्हा उघडली.

पुरस्कारावर नावं चारदोनच मावतात. दगड साफ करणारे, लाकूड सांधणारे, चुना मळणारे कारागीर त्यात नसतात. खरं तर त्यांच्या हातात जे आहे ते आता दुर्मीळ झालंय. आपल्याकडे पूर्वी चुन्यात गूळ, बेलफळाचा गर घालत. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. ती श्वास घेते, ओल बाहेर टाकते. घाईने वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि भिंत आतून पोखरते. दुरुस्ती म्हणून केलेलं कामच पुष्कळदा घात करतं ते असं!

आणि निगेचं म्हणाल, तर ती आपल्या ओळखीचीच आहे. सासूबाई रोहिणी नक्षत्राआधी पन्हळीतला पाला काढून घ्यायच्या. भिंतीच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं, की आधी नमस्कार करायच्या आणि मग ते मुळासकट काढून नदीकाठी लावायच्या. देवाचंही राहिलं आणि भिंतीचंही! मोठ्या वास्तूंना याहून वेगळं काय लागतं?

मात्र एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. मुंबईने 1995 साली वारसा-वास्तूंसाठी नियमावली केली, देशात पहिल्यांदा. पण यादीत नाव लागलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही. राहत्या घराचा भार तिथे राहणाऱ्या कुटुंबावरच पडतो, आणि त्यातल्या त्यात घरातल्या बाईवर. मोरी, संडास, स्वयंपाकघर सोयीचं नसेल, तर नक्षीदार तुळईचं कौतुक तिने कोणत्या तोंडाने करावं?

म्हणून येत्या दिवाळीला मी घरात एवढंच मागणार आहे. कागदावर सही करण्याआधी चुन्याचं काम जाणणाऱ्या माणसाला वाडा एकदा दाखवू. स्वयंपाकघर नवं, न्हाणीघर नवं, जिन्याला कठडा आणि उजेड. तुळयांना, खांबांना धक्का नाही. त्याचा खर्च किती, तो मांडू. झेपला तर वाडा राहील. नाही झेपला, तर आपण काय मोडतो आहोत हे निदान ठाऊक असेल.

तुमच्याही गावात एखादं जुनं वाचनालय असेल, घाट असेल, आणि कुणीतरी ते निगुतीनं सांभाळत असेल. त्या माणसाला एकदा जाऊन "छान ठेवलंत हो" एवढं म्हणा. राबणाऱ्याला त्या एका शब्दाची किती भूक असते, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?