आजोबांबरोबरची फेरी

आमच्या घरी आजोबांच्या संध्याकाळच्या फेरीला कोणी आड येत नाही. पावसाळा सोडला (जोयड्याचा पाऊस छत्रीला जुमानत नाही) तर पाचच्या सुमारास ते काठी घेऊन निघतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, तेव्हा आईने मला सोबतीला लावून दिले. मला ती शिक्षाच वाटली, कारण चालताना आजोबा अवाक्षर बोलत नाहीत.

पहिले आठ-पंधरा दिवस मीच बडबडत होते. मग गप्प झाले. गप्प झाल्यावर डोक्यात थोर विचार येतात, असा माझा समज होता. विनोबा १९५१ साली पोचमपल्लीहून भूदानासाठी निघाले आणि पुढे तेरा वर्षे चालत राहिले. त्यांना चिंतनाला केवढा अवकाश मिळाला असेल! मला मात्र आठवे ती फी, अपुरी जर्नल्स आणि मैत्रिणीला टाकून बोललेले शब्द.

एकदा धीर करून विचारले, "आजोबा, तुम्ही एवढा कसला विचार करता?"

"विचार कसला? सुप्यात फिरून येतो."

सुपा म्हणजे काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे आमचे मूळ गाव, पूर्वीचे तालुक्याचे ठाणे. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण झाले आणि गाव पाण्याखाली गेले. पुष्कळ कुटुंबे रामनगरला गेली, तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्याला आल्या. आजोबा पायांनी इथला रस्ता चालतात आणि मनाने तिथल्या गल्ल्या, एकेक घर घेत.

"मधे बोललीस की वाट चुकते," ते म्हणाले. "मग पुन्हा आपल्या दारापासून सुरुवात."

पंधरा दिवस मी त्यांना किती वेळा दारात परत आणले असेल!

या वर्षी पदवी झाली की मी नोकरीसाठी गोव्याला जावे, असे घरात चालले आहे. घरात त्यावर सगळेच बोलतात, त्यामुळे मला काय वाटते ते मलाच ऐकू येत नाही. फेरीत येते. कधी जावेसे वाटते, कधी नाही. परवा लक्षात आले की वळणावरचे मत्तीचे झाड, मोरी, पुढचा फणस, असा रस्ता मी पाठ करते आहे. म्हणजे आत कुठेतरी जायचे ठरलेच असावे.

आजोबांना अजून सांगितलेले नाही. काल मोरीपाशी ते थांबले, काठी टेकून उभे राहिले. तेव्हा सांगावेसे वाटले. पण ते बहुधा संगमापर्यंत पोचले होते.