शिकवून गेलेले प्रशासक

1999 साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली, तेव्हा मी जकात नाक्यावर कारकून होतो. जकातीच्या बदल्यात शासनाचं अनुदान येणार होतं, पण आमच्याकडे ते वेळेवर पोचेना. पगार रखडले, पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकलं, ठेकेदार दारात बसू लागले. नाक्यावरची आम्ही सगळी माणसं कर विभागात वर्ग झालो. ट्रकची बिल्टी आणि बीजक वाचण्यात आमचा हात कुणी धरला नसता, पण घरपट्टीचं मागणी रजिस्टर आम्ही कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. आदेश हातात दिला, टेबल दाखवलं, झालं. पुढे देणी आणि सभागृहातली भांडणं इतकी वाढली की शासनाने नगरपालिका बरखास्त केली आणि प्रशासक नेमले.

त्या साहेबांचं ऋण माझ्यावर आहे.

प्रशासक आले की काय होतं हे आम्ही ऐकून होतो. दोन-चार निलंबनं, थकबाकीदारांचे नळ तोडणं, मार्चअखेर वसुलीचा आकडा. साहेबांनी पहिल्याच बैठकीत एवढंच विचारलं, "आता करताय ते काम तुम्हाला कुणी शिकवलं होतं का?" कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून कार्यालय सुरू होण्याआधी तासभर वर्ग भरू लागला. शिकवायला ते स्वतः उभे राहत, कधी शेजारच्या नगरपालिकेतल्या जुन्या लेखापालांना बोलावून घेत.

एकदा एक वयस्कर बाई जप्तीची नोटीस घेऊन आल्या. पिशवीत घरपट्टीच्या सगळ्या पावत्या जपून ठेवलेल्या. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे थकबाकी. साहेबांनी आम्हाला भोवती उभं केलं आणि पावतीपुस्तकाची स्थळप्रत काढायला लावली. ती मिळाली. कॅशबुकात रक्कम होती, बँकेचं चलनही होतं. पावतीवरून रजिस्टरात नोंद घ्यायचीच राहिली होती, दर वर्षी. "मावशी, चूक कार्यालयाची आहे," असं म्हणून त्यांनी नोटीस तिथल्या तिथे रद्द केली. मग आमच्याकडे वळून शांतपणे सांगितलं, "आजची पावती आजच चढवायची. आठवड्याची तेरीज काढायची आणि कॅशबुकाशी जुळवूनच शनिवारी घरी जायचं."

या एका सवयीने थकबाकीतला बराच भाग नुसता कागदावरचा निघाला. तो गळाला तसे खरे थकबाकीदार उघडे पडले, आणि त्यांत गावातली वजनदार नावं होती. गरिबाच्या दारात जप्तीला जाणारं खातं त्या बंगल्यांच्या फाटकाशी प्रथमच गेलं. चतुर्थ वार्षिक कर आकारणी कशी करायची, हेही आम्ही टेप हातात घेऊन शिकलो. वरचे मजले चढले होते, दुकानांचे गाळे निघाले होते, आणि आकारणी जुन्या कौलारू घराचीच चालली होती. वॉलमन, मुकादम, रोखपाल, सगळ्यांना त्यांनी वर्गात बसवलं.

मला त्यांनी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेच्या एल. जी. एस. अभ्यासक्रमाचा अर्ज समोर बसवून भरायला लावला. मुंबईत 1926 साली स्थापन झालेली ही संस्था पालिकांच्या कर्मचाऱ्यांना शिकवते, हे तोवर मला माहीतही नव्हतं. पुढे कर विभागात मला जी बढती मिळाली, ती त्या अर्जामुळे.

त्यांची बदली व्हायला नको होती तेव्हाच झाली. निवडणूक होऊन नवं सभागृह आलं आणि सकाळचा वर्ग बंद पडला. रोजची नोंद आणि शनिवारची तेरीज मात्र चालूच राहिली, कारण ती कशी करायची हे आम्हाला येत होतं. मी निवृत्त होईपर्यंत टेबलावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला आधी तेच शिकवलं.

2022 नंतर निवडणुका लांबल्या आणि राज्यातल्या कितीतरी नगरपालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. एवढ्या काळात किती कर्मचारी घडवता आले असते, या विचाराने जीव हळहळतो. प्रशासक नेमण्याचे आदेश काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: वसुलीच्या उद्दिष्टाशेजारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं उद्दिष्टही त्याच आदेशात लिहा, आणि ते पुरं होईपर्यंत त्या अधिकाऱ्याची बदली करू नका.