सायकलीवरचे पुढचे ओझे : गंजगोलाई ते गोदाकाठ

लातूरची गंजगोलाई सकाळी सातच्या सुमारास पाहावी. १९१७ साली उभारलेली ही दुमजली गोलाकार वास्तू, तिच्या मध्यभागी देवीचे मंदिर आणि तिला चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे सराफा, कुठे कापड, कुठे मिरची आणि गूळ, कुठे पादत्राणे. बाजारपेठेचे एवढे सुबक वर्तुळ मराठवाड्यात दुसरे नाही. दुकानांची दारे अजून पुरती उघडलेली नसतात, भाजीचे ढीग नुकते रचले जात असतात आणि त्या वर्तुळातून काही सायकली संथपणे फिरत असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचे केस पिकलेले असतात. कुणाच्या हँडलला पिशवी लोंबते, कुणाच्या पुढे तारेची बास्केट असते, कुणी मागच्या कॅरिअरवर पोते बांधलेले असते. वाचकहो, या लेखाचा विषय त्या पिशवीचा आणि त्या बास्केटचा आहे. विषय लहान दिसतो. परंतु साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस आपली भाजी, आपले औषध आणि आपले वर्तमानपत्र आणखी किती वर्षे स्वतः आणू शकेल, हे काही अंशी त्यावर ठरते.

ओझे पुढे का ठेवावे, हा पहिला प्रश्न. तरुणपणी आपण सायकलीला दोन पावले धाववून, मागच्या कॅरिअरवरून पाय टाकून स्वार होत होता. आता गुडघा आणि कंबर तेवढी साथ देत नाहीत. मागे पिशवी किंवा पेटी बांधली असेल, तर पाय आणखी उंच उचलावा लागतो आणि त्याच क्षणी तोल जातो. पुष्कळांच्या बाबतीत पडणे सायकल चालवताना नव्हे, तर चढता-उतरताना घडते. मागची बाजू मोकळी ठेवून हलके सामान पुढे घेतले, तर ही अडचण कमी होते. शिवाय पुढचे सामान डोळ्यांसमोर राहते. दोरी सुटली, पिशवी कलंडली, तर मान मागे वळवून पाहावे लागत नाही. मानेचे दुखणे असणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे मधला दांडा खाली वाकवलेली, आपण जिला ‘लेडीज सायकल’ म्हणतो ती घेणे. नावाचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. जपानमध्ये ‘मामाचारी’ या नावाने ओळखली जाणारी सायकल नेमकी याच घडणीची असते. तिच्या पुढे बास्केट असते आणि तेथील आजी-आजोबा तिच्यावरूनच बाजारहाट करतात.

मात्र पुढे ओझे ठेवण्याची सर्वात वाईट पद्धत तीच आपल्याकडे सर्वाधिक रूढ आहे, ती म्हणजे हँडलला पिशवी अडकवणे. पिशवी झोके घेते, प्रत्येक झोक्याबरोबर हँडल किंचित ओढले जाते आणि एखाद्या गतिरोधकावर तिचा कोपरा पुढच्या चाकाच्या तारांत शिरतो. चाक जागच्या जागी थांबते. माणूस थांबत नाही, तो हँडलवरून पुढे फेकला जातो. वयपरत्वे हाडे ठिसूळ झालेली असतात. अशा वेळी मनगट किंवा खुबा मोडण्यास मोठा वेग लागत नाही. घरातील ज्येष्ठांच्या सायकलीत आपण एकच सुधारणा करणार असाल, तर ती ही करावी : हँडलला काहीही लोंबकळू देऊ नये.

आता पर्याय पाहू. पहिला पर्याय हँडलला बसवायच्या बास्केटचा. ती स्वस्त असते, सर्वत्र मिळते आणि भाजी, दुधाची पिशवी, औषधे यांना पुरेशी असते. घेताना एकच खूण पाहावी. बास्केटच्या तळापासून पुढच्या चाकाच्या धुरीपर्यंत उतरणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या आहेत काय? पट्ट्या नसतील, तर सारा भार हँडलच्या दोन स्क्रूंवर येतो. काही महिन्यांत बास्केट पुढे झुकते आणि अखेर चाकावर टेकते. दुसरा पर्याय पुढच्या चाकाच्या वर बसणाऱ्या सपाट कॅरिअरचा. त्याचे पाय थेट धुरीपाशी जोडलेले असतात. तो बास्केटपेक्षा मजबूत असतो आणि सामान थोडे खाली राहते. तिसरा प्रकार लांब पल्ल्याच्या प्रवासी सायकलींवर दिसतो. त्यात चाकाच्या दोन्ही बाजूंना, धुरीच्या उंचीला, दोन लहान पिशव्या समतोल बसतात. चौथा प्रकार जुन्या काळी इंग्लंडमध्ये दुकानांचा माल घरपोच करणाऱ्या सायकलींना असे. त्यांचे पुढचे चाक मुद्दाम लहान केलेले असे आणि मालाची चौकट हँडलला नव्हे, तर सायकलीच्या सांगाड्यालाच जोडलेली असे. हँडल वळले तरी माल सरळच राही.

या चार प्रकारांतील फरक समजून घेण्यास गंजगोलाईसारखी दुसरी जागा नाही. सरळ रस्त्यावर कोणतीही बास्केट चांगलीच वाटते. गोलाईत मात्र सायकलस्वार सतत वळत असतो आणि सोळा दिशांनी येणाऱ्या माणसांसाठी, हातगाड्यांसाठी, रिक्षांसाठी वेग कमी करत असतो. वेग जितका कमी, तितके सायकलीचे हँडल डळमळते आणि तितक्या लहान-लहान दुरुस्त्या हातांना कराव्या लागतात. पुढचे ओझे हँडलबरोबर वळणारे असेल, तर ते वळू लागलेल्या हँडलला त्याच दिशेने आणखी ओढते. ओझे जितके उंच आणि चाकाच्या जितके पुढे, तितकी ही ओढ जास्त. म्हणून पहिला नियम असा : पुढचे ओझे खाली असावे, हँडलच्या शक्य तितके जवळ असावे आणि दोन्ही बाजूंना सारखे असावे. ज्येष्ठांनी पुढे तीन-चार किलोंच्या वर जाऊ नये, असे आम्ही सुचवू. उत्पादकाने त्याहून कमी मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी. जड वस्तू, म्हणजे गव्हाचे पीठ किंवा तेलाचा डबा, मागच्या कॅरिअरवर बांधावी किंवा घरपोच मागवावी.

किलोंचा हिशेब लातूरकरांना शिकवण्याची खरे तर गरज नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे या शहराने दुष्काळात खांद्यांनी मोजले आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ते पाणी घराघरांत पोहोचण्याचा शेवटचा टप्पा मात्र माणसांच्या हातांवर, डोक्यांवर आणि सायकलींवरच होता. टंचाईच्या दिवसांत मराठवाड्यात सायकलीवरून पाणी नेणारा माणूस घागरी कशा बांधतो, हे आठवून पाहा. तो त्या हँडलवर ठेवत नाही. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, जमिनीच्या जवळ, दोन सारख्या घागरी लोंबत्या बांधतो. वजन खाली, दोहींकडे समान आणि चाकापासून सुटे. जगभरच्या प्रवासी सायकलींच्या पिशव्या ज्या तत्त्वावर बसवल्या जातात, तेच हे तत्त्व आहे.

लातूरहून अहमदपूर आणि लोहा ओलांडून नांदेडकडे यावे, तसतसे बालाघाटचे पठार उतरत जाते आणि शेवटी गोदावरी भेटते. येथे सायकलीची परीक्षा वेगळी होते. २००८ साली गुरुता गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, त्या काळात नांदेडच्या रस्त्यांचे मोठे काम झाले आणि काही रस्त्यांच्या कडेला पदपथांबरोबर सायकलींसाठीही पट्टी आखली गेली. परंतु वजिराबाद आणि गुरुद्वाऱ्याच्या परिसरात वर्षभर यात्रेकरूंची गर्दी असते आणि जुन्या वस्तीतून नदीकडे जाणाऱ्या वाटा घाटाच्या दिशेने उतरत जातात. लातूरच्या गोलाईत वळणे कसोटीला लागते. नांदेडात उतार आणि पूल कसोटीला लागतात. उतारावर ब्रेक दाबला की सायकलीचे आणि स्वाराचे वजन पुढे सरकते. त्यात बास्केटमधील सामान मोकळे असेल, तर तेही पुढे आदळते आणि हँडलला हिसका बसतो. म्हणून पुढचे सामान रबरी पट्ट्याने किंवा जाळीने बांधलेलेच हवे आणि ब्रेक लावताना प्रथम मागचा, मग हळूच पुढचा, ही सवय हवी. गोदावरीच्या पुलावर वारा आडवा लागतो. बास्केटमध्ये उभी ठेवलेली रुंद पिशवी तेव्हा शिडासारखी वारा धरते. घाटाकडचा तीव्र उतार असेल, तर खाली उतरून सायकल हाताने न्यावी. यात कमीपणा काही नाही.

दोन्ही जिल्ह्यांच्या मातीचाही विचार करावा. आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात वस्तीच्या टोकाला कच्च्या रस्त्यावर चाक गेले की चिखल मडगार्डमध्ये भरतो आणि चाक जाम होते. म्हणून कॅरिअरचा तळ आणि चाक यांमध्ये निदान दोन बोटे अंतर राहील, असे पाहावे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा सकाळी नऊनंतरचा बाजार टाळावा आणि पुढच्या सामानातील पहिली वस्तू पाण्याची बाटली असावी.

खरेदीला जाताना आपली सायकल बरोबर न्यावी. बास्केट हातात घेऊन पसंत करण्याची वस्तू नव्हे; ती सायकलीवर बसवूनच पारखावी. दुकानातच एवढ्या गोष्टी करून पाहाव्यात. बास्केटमध्ये दोन किलोंचे वजन ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. ब्रेकची तार ताणली जाऊ नये. जुन्या काळ्या सायकलीला तारेऐवजी सळ्यांचे ब्रेक असतात. तेथे बास्केट सळीला टेकत नाही ना, हे ब्रेक दाबून पाहावे. पुढे शॉकर असलेली सायकल असेल, तर साधे कॅरिअर तिला बसवू नये, कारण शॉकर दबला की कॅरिअरचा वरचा जोड आणि चाकाची धुरी यांतील अंतर बदलते. नट नायलॉकचे असावेत, म्हणजे खडखडाटाने ते सहजी सैल होत नाहीत. पुढचा दिवा बास्केटमागे झाकला गेला असेल, तर तो बास्केटच्या पुढे हलवून घ्यावा. आणि अखेरीस स्टँड पाहावा. एका पायाच्या स्टँडवर पुढे वजन असलेली सायकल उभी केली, की पुढचे चाक एका बाजूला वळते आणि सायकल आडवी होते. पडणारी सायकल सावरण्याच्या धडपडीत माणूसही पडतो. मागचे चाक उचलून धरणारा दोन पायांचा स्टँड बसवावा. हॉलंडमधील सायकलींवर पुढचे चाक सरळ ठेवणारी एक लहान स्प्रिंगही असते. ती मिळाल्यास उत्तमच.

आता घरातील काळजीवाहकांसाठी थोडे. वडिलांची सायकल बंद करावी काय, हा प्रश्न बहुतेक घरांत एखाद्या पडण्यानंतर रागाने आणि भीतीने विचारला जातो. तो त्याआधी, शांतपणे विचारावा. रक्तदाबाच्या काही औषधांनी उठताना चक्कर येते. मधुमेहावर इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी सायकल चालवताना साखर एकदम उतरू शकते. बास्केटमध्ये साखरेची पुडी आणि खिशात नाव, औषधे व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. पायांना मुंग्या येत असतील, डोळ्यांत मोतीबिंदू असेल, वर्षभरात एकदाही पडणे झाले असेल, तर डॉक्टरांशी आधी बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पासष्टीपुढील व्यक्तींनीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. बाजारापर्यंतची सायकल यांतील पहिल्या भागाला चांगला हातभार लावते आणि गुडघ्यांवर चालण्यापेक्षा कमी भार टाकते. मात्र हाडांच्या बळकटीसाठी पायांवर भार घेऊन चालणेही हवे. सायकल त्याची जागा घेऊ शकत नाही.

या दोन्ही शहरांत एक दृश्य वारंवार दिसते. वयस्क माणूस सायकलीवर बसलेला नसतो. तो तिच्या शेजारून, हँडल धरून चालत असतो आणि सामान सायकल वाहत असते. बसून चालवण्याचा काळ संपला तरी सायकलीची सोबत संपत नाही. ती आधार होते, हातगाडी होते, घराबाहेर पडण्याचे निमित्त होते. अशा वापरासाठी ओझे खाली आणि समतोल असणे आणखीच गरजेचे ठरते, कारण हँडल आता एका बाजूने सावरायचे असते. तेव्हा आज बास्केट निवडताना आपण उद्याच्या त्या चालण्याचाही विचार करावा. मुलांनी ती आपल्यासाठी परस्पर विकत आणू नये. आपल्याला बरोबर घेऊन दुकानात यावे आणि पहिले काही दिवस, रिकाम्या रस्त्यावर, रिकाम्या बास्केटनिशी आपल्याबरोबर चालावे. मग एक किलो कांदे. मग दोन. शरीर ज्या क्रमाने नवे ओझे स्वीकारते, त्या क्रमानेच ते सायकलीवर चढवावे.