मन्नारची शांतता

श्रीलंकेस जाण्याची कल्पना आमची नव्हे. दुबईस नोकरीला असलेल्या आमच्या धाकट्या चिरंजीवाने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त सहलीचे पैसे परस्पर भरून टाकले. सहा वर्षांत तो स्वतः घरी आला नाही. पैसे मात्र न चुकता येतात. सहलीच्या कागदावर कँडी, नुवारा एलियाचे चहाचे मळे, गॉलचा किल्ला आणि बेंटोटाचा समुद्रकिनारा अशी नावे होती. 2018 साली या बेटावर 23 लाखांहून अधिक परदेशी पाहुणे उतरले; त्यांतील बहुतेकांची पावले याच वाटांनी गेली असतील. कागद वाचून सौभाग्यवती म्हणाली, "अहो, यात मडूची सायबीण कोठे आहे?"

माझी पत्नी साष्टीची. संत जोसेफ वाझ 1651 साली ज्या बाणावलीत जन्मले, तेथून तिचे माहेर जवळच. डच राजवटीत कॅथलिक धर्मगुरूंना लंकेत मज्जाव असता, 1687 साली भणंगाच्या वेषात जाफन्यास पोहोचलेल्या आणि 1711 साली कँडीत देह ठेवीपर्यंत परत न फिरलेल्या या गोमंतकीय पाद्रींची कथा तिने लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली. तेव्हा बेंटोटाचे तीन दिवस आम्ही रद्द केले. चिरंजीवास कळविले नाही. सहलीच्या व्यवस्थापकाने मात्र बजावले, "मन्नारकडे पाहण्यासारखे काही नाही."

2025च्या फेब्रुवारीत अनुराधपुराहून आम्ही बसने निघालो. हिरवेगार डोंगर, नारळीच्या बागा, हे सारे मागे पडले. पुढे सपाट, कोरडी, खुरट्या झुडपांची भूमी, ताडांच्या रांगा, आणि अखेरीस उथळ पाण्यावरून गेलेला लांबच लांब रस्ता. मन्नार हे मोठ्या बेटाला चिकटलेले धाकटे बेट. 2010 साली बांधलेल्या पुलावरून आत शिरताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उभे होते. गावात गाढवे मोकळी हिंडतात. कोणे एके काळी अरब व्यापाऱ्यांनी ती आणली असे म्हणतात. त्यांनीच लावलेली म्हणून सांगितली जाणारी एक प्रचंड गोरखचिंच पल्लीमुनई येथे आहे. दहाबारा माणसांनी हात धरून वेढा घातला तरच तिचा बुंधा कवेत यावा! आम्ही तिच्या सावलीत अर्धा तास बसलो. एकही प्रवासी आला नाही.

दुसऱ्या दिवशी तलैमन्नारपर्यंत गेलो. तेथून धनुष्कोडी समुद्रमार्गे अवघी तीसएक किलोमीटर. एके काळी भारतातून येणारे उतारू बोटीतून उतरून येथे आगगाडीत बसत. 1964च्या डिसेंबरातील वादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केली. जुना धक्का मात्र गंजलेल्या खांबांवर अजून उभा आहे. किल्ला पोर्तुगीजांनी 1560 साली बांधला. तो धावतच पाहिला. त्याहून अधिक मन रेंगाळले ते तोट्टवेळीच्या देवळापाशी. 1544 साली जाफन्याच्या राजाने नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या सुमारे 600 मन्नारवासीयांना ठार मारविले. त्यांची स्मृती तेथे राखली आहे. सौभाग्यवतीने तेथे एक जपमाळ म्हटली. आसपास फक्त वारा आणि ताडांची सळसळ.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तेथील गृहस्वामिनी शाळेत शिक्षिका. दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते. इंग्रजी चांगले बोलते, म्हणून संवाद जमला. रात्री जेवणानंतर ओसरीवर बसलो असता मी मोठ्या रसिकतेने उद्गारलो, "किती शांत आहे हो तुमचे गाव! गर्दी नाही, गोंगाट नाही."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "1990 साली आम्ही हे घर सोडले, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्याच वर्षी आगगाडी बंद झाली. शेजारच्या मुस्लिम कुटुंबांना तर बंडखोरांनी काही दिवसांच्या मुदतीत हाकलून दिले. परत आलो तेव्हा गावात कोंबडादेखील आरवत नव्हता. शांतता ती. आता तुम्ही ऐकता आहात, ही आम्हांला गर्दीच वाटते."

मला बोलवेना. 1983 पासून 2009 पर्यंत येथे युद्ध चालले, हे मी वर्तमानपत्रांत वाचलेले. पण जी निवांत जागा शोधून काढल्याचा मला दोन दिवस अभिमान वाटत होता, ती निवांत कशाने झाली, हा प्रश्न मनाला शिवला नव्हता. मोठ्या पर्यटनस्थळांपासून दूर राहण्याचे सुख मी उपभोगत होतो, आणि ही माणसे तेच दूरपण भोगून उठली होती. गाडी पुन्हा धावू लागली ती 2015 साली.

भिंतीवर एका तरुणाचे छायाचित्र होते. सौभाग्यवतीने विचारले. "थोरला भाऊ. 2009च्या अखेरच्या महिन्यांत हरवला. आई अजून 'गेला' म्हणत नाही. 'आला नाही' म्हणते."

परतताना मडूस उतरलो. अरण्यात मध्येच मोकळे पटांगण आणि पांढरेशुभ्र मंदिर. डचांच्या छळाला कंटाळून 1670 साली मांतईचे भाविक सायबिणीची मूर्ती घेऊन याच रानात आले. 1999च्या नोव्हेंबरात या आवारात आश्रयास आलेल्यांवर तोफगोळे पडून चाळीसच्या आसपास माणसे मेली. 2008 साली मूर्ती पुन्हा काही महिने परागंदा झाली. 14 जानेवारी 2015 रोजी सकाळी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी जोसेफ वाझ यांना संतपद घोषित केले आणि त्याच दिवशी दुपारी ते येथे येऊन युद्धात आप्त गमावलेल्यांबरोबर प्रार्थनेस उभे राहिले. ऑगस्टच्या सणाला येथे लाखोंचा मेळा भरतो. त्या दिवशी मात्र झाडणारी एक बाई आणि आम्ही दोघे.

लेकासाठी केलेल्या नवसाची मेणबत्ती सौभाग्यवतीने गोव्याहून आणली होती. तीच तिने त्या अनोळखी भावासाठी लावली. मी विचारले, "आणि आपला?" ती म्हणाली, "आपल्याला फोन तरी लागतो."

निघताना गृहस्वामिनीने ताडगुळाची एक परडी हाती ठेवून म्हटले होते, "तुमच्या गावी सांगा. ऑगस्टात नको, तेव्हा जागा मिळत नाही. एरवी माझ्या खोल्या रिकाम्याच असतात." हे येथे लिहून मी त्या बाईंचे सांगणे पाळतो आहे.

त्या रात्री चिरंजीवाचा फोन आला. बेंटोटाचा समुद्र कसा वाटला, विचारीत होता. मी उत्तराची जुळवाजुळव करीत असता सौभाग्यवतीने फोन माझ्या हातून काढून घेतला.

"बाळ, तिकडे आम्ही गेलोच नाही. कोठे गेलो ते सांगेन, पण फोनवर नाही. नाताळला ये, मग सांगते."