इसार

आजीच्या कपाळावर तुळस होती, हनुवटीवर एक ठिपका आणि मनगटावर ठिपक्यांची रांग. तिला विचारून कुणी ते गोंदलं नव्हतं. गोंदणारीण गावात आली, पारावर बसली, बायांनी पोरीचे हात धरून ठेवले, काजळात बुडवलेल्या सुया टोचल्या, वर हळद दाबली. पैसे नव्हतेच, सुपात जोंधळे घातले की झालं. तारीख नाही, वेळ नाही आणि ‘आज नको’ म्हणायची सोय तर नाहीच. मेल्यावर सोनं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं, असं आजी म्हणायची. ते ऐकून लहानपणी मला भारी वाटायचं. धरून ठेवलेल्या हातांचा विचार फार उशिरा मनात आला.

आईच्या हातावर मामाचं नाव आहे, ते पैठणच्या नाथषष्ठीतलं. तोवर सुयांच्या जागी गुरगुरणारं बॅटरीचं मशीन आलं होतं. एडिसनने 1876 मध्ये कागदाला छिद्रं पाडून नकला काढायच्या विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं. तिच्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायलीने 1891 मध्ये गोंदायच्या मशीनचं पेटंट घेतलं. कचेरीतल्या नकलांसाठी निघालेली युक्ती गोदावरीच्या वाळवंटात मामाचं नाव लिहीत होती. सुई मात्र एकच, येईल त्याला तीच. आज नुसतं आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आता मीच हे काम करते. करमाडला, जालना रोडवर, वरच्या मजल्यावरचा गाळा. आमच्याकडे सुई सीलबंद येते, गिऱ्हाइकासमोर फोडायची आणि काम झालं की टाकून द्यायची. स्टेन्सिल, हातमोजे, सगळं आजीच्या काळाहून वेगळं. गिऱ्हाइकाने वेळ घेऊन यायचं, हेही वेगळंच. आणि वेळ घेता येते म्हणजे ती मोडताही येते.

मोडायची कारणं ठरलेली. शेंद्र्याच्या कंपनीत ओव्हरटाइम लागला. पाहुणे आले. सुतक पडलं. मम्मीने व्हॉट्सॲपवरचं डिझाइन बघितलं. एकाने तर अर्ध्या तासावर वेळ आली असताना मेसेज टाकला, “ताई, नाव बदलायचंय.” स्पेलिंग चुकलं असेल म्हणून मी विचारलं, तर मुलगीच बदलली होती! हे सगळे तरी कळवतात. खरा वैताग फोन बंद ठेवणाऱ्यांचा. शटर वर, खुर्ची पुसलेली, आणि मी जिन्यावरच्या प्रत्येक पावलाकडे कान देऊन बसलेली.

लोकांना वाटतं, आला नाही तर हिचं काय गेलं? सुई तर फोडलीच नाही. पण आदल्या रात्री जुन्या, पिवळ्या पडलेल्या फोटोवरून कुणाच्या तरी आजोबांचा चेहरा काढलेला असतो. मिशी, फेट्याचा पीळ, सगळं जमवलेलं. तो दुसऱ्या कुणाच्या दंडावर कसा बसवणार? त्यात रविवारची वेळ. त्याच वेळेला यायला तयार असलेल्या दुसऱ्याला मी आधीच नाही म्हटलेलं असतं.

शेवटी इसार घ्यायला लागले. शहरात ॲडव्हान्स म्हटलं की लोक कपाळाला आठ्या घालतात. करमाडला इसार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. औद्योगिक वसाहतीसाठी लाडगाव-करमाडच्या जमिनी गेल्या, आसपासच्या रानांचे भाव चढले, आणि चहाच्या टपरीवर रोज इसारपावत्यांचीच चर्चा. सौदा ज्याने मोडला त्याचा इसार बुडाला, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. माझा हिशोब सोपा: 500 रुपये आधी. एक दिवस आधी कळवलं तर तीच रक्कम पुढच्या तारखेला, तीही एकदाच. त्याच दिवशी मोडलं तर गेली. मयत झाली असेल तर मात्र मी पैशाचं नाव काढत नाही.

ओळखीतले एक-दोघं म्हणतात, दुप्पट घे म्हणजे कुणी मोडणार नाही. ते मला पटत नाही. पैसे अडकले म्हणून मन नसताना कुणी खुर्चीत येऊन बसावं, तर त्या पैशाने बायांसारखेच त्याचे हात धरले की. अंगावरचं मरेपर्यंत राहतं. लेझरने काढायचं तर कितीदा तरी जावं लागतं, खर्चही गोंदण्यापेक्षा जास्त, आणि डाग राहणार नाही याची खात्री नाही. जिन्यापर्यंत येऊन परत फिरणाऱ्याचा मला राग येतो, पण परत फिरायची मोकळीक त्याला हवीच. इसार माझ्या रात्रीच्या कामाचा, त्याला बांधून ठेवायचा नाही.

भरतीवाल्या पोरांशी मी आधी बोलून घेते. पहाटे रोडवर पळणारी ही पोरं जोशात दंडावर वाघ मागतात, आणि आदल्या रात्री ग्राउंडवरचा कुणी सांगतो की मेडिकलला बाद होशील. तो सांगणारा खोटं बोलत नाही. सैन्याला गोंदण चालतं ते कोपराच्या आतून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर तळहाताच्या पाठीवर. परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी जमातींना तेवढी सूट आहे. म्हणून इसार हातात घेण्याआधीच विचारते, भरतीचं चाललंय का? निम्मे तिथेच उठतात. परवा एक जण उठला नाही. हात उताणा करून म्हणाला, “मंग हितं करा, पण वाघ बसंल का?” वाघ बसत नव्हता. नुसता पंजा काढून दाखवला. तो मित्राला विचारून येतो म्हणाला आणि इसार न देता गेला.