बुणगे

गच्चीवरच्या खोलीत आमच्याकडे पानिपत चालू आहे. गेली सहा वर्षं. खरी लढाई १४ जानेवारी १७६१ ला सकाळी सुरू झाली आणि दिवस मावळायच्या आत तिचा निकाल लागला. माझं मात्र अजून आवरत नाहीये. पाहुणे आले की बायको त्यांना सांगते, "हे वर लढताहेत, येतील जेवायच्या वेळेला खाली."

तर आज या छंदाबद्दल लिहायचं आहे. म्हणजे छंदाबद्दल थोडं, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल जास्त.

मूळ अर्थातच दिवाळीच्या किल्ल्यात. आम्ही साताऱ्याचे. समोर अजिंक्यतारा दिसत असताना अंगणात किल्ला न करणारं पोर आमच्या आळीत नव्हतं. दगड, विटा, वर मातीत भिजवलेलं पोतं, त्यावर पेरलेले अळीव, आणि कुंभाराकडून आणलेले मावळे. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, किल्ला सुटला. मग चाळिशी उलटल्यावर त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' हातात पडलं आणि ते वाचताना एका रात्री वाटलं, हे सगळं समोर मांडलेलं दिसलं पाहिजे. कागदावर नुसती 'डावी बाजू', 'उजवी बाजू' वाचून काही कळत नाही हो!

पहिला दणका बसला तो प्रमाणाचा. खेळण्यातल्या सैनिकांचं सर्रास मिळणारं माप १:७२. म्हणजे साडेपाच फुटी माणूस साधारण २३ मिलिमीटरचा होतो. छान दिसतो, मिशासुद्धा रंगवता येतात. पण रणभूमी दहा किलोमीटरची धरली तर त्याच मापानं टेबल १३९ मीटर लांब करावं लागेल. माझी खोली चौदा फुटी! म्हणजे जमीन एका मापाची आणि माणसं दुसऱ्या, अशी तडजोड करावीच लागते. मी दहा बाय सहा फुटांचं प्लायवूड घेतलं आणि सैनिक घेतले सहा मिलिमीटरचे. तांदळाच्या दाण्याएवढे. पुण्यात एका मित्राकडे रेझिनचा प्रिंटर आहे, त्याच्याकडून पट्ट्या-पट्ट्यांनी छापून आणतो. एका दाण्यामागे पंचवीस माणसं असा हिशेब. मराठ्यांचे लढणारे पन्नास हजार धरले तर दोन हजार दाणे, आणि समोर अब्दाली, रोहिले, शुजाउद्दौला मिळून त्याहून काही शे जास्त. इतिहासकारांचे आकडे वेगवेगळे आहेत, पण कुठेतरी गाडी थांबवावीच लागते.

रोज रात्री जेवणानंतर वीस दाणे. ट्रिपल झीरो नंबरचा ब्रश, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. आधी काळा हात, मग अंगरखा, मग पागोटं. मैदानासाठी थर्मोकोल, त्यावर फेव्हिकॉल आणि रंगवलेला लाकडाचा भुसा. पानिपत गाव उत्तरेला भिंतीकडे, यमुना पूर्वेच्या कडेला, आणि दक्षिणेला, म्हणजे दिल्लीच्या वाटेवरच, अब्दाली. त्यानं ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतजवळ यमुना ओलांडली आणि आपल्या लोकांची घरची वाट अडवून बसला. पुस्तकात हे वाक्य मी चारदा वाचलं असेन. पण टेबलावर त्याची फौज मांडली आणि मराठ्यांची तोंडं घराकडे आणि पाठ परक्या मुलखाकडे झाली, तेव्हा ते पोटात कळलं.

मग प्रश्न आला क्षणाचा. देखावा म्हणजे थांबवलेलं घड्याळ. कितीचा काटा धरायचा? वॉटर्लूचा प्रचंड देखावा करणाऱ्या विल्यम सायबॉर्न या इंग्रज अधिकाऱ्यानं संध्याकाळी सातची वेळ धरली होती. काय माणूस असेल! १८३० मध्ये हे काम अंगावर आल्यावर रणभूमीवरच्या एका शेतवाडीत आठ महिने मुक्काम करून त्यानं जमीन मोजली, लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून तुमची पलटण तेव्हा नेमकी कुठे होती, शेतात पीक कोणतं होतं, असं विचारलं. सरकारनं पैसे थांबवले तरी त्यानं काम सोडलं नाही. १८३८ मध्ये लंडनला तो देखावा लोकांनी तिकीट काढून पाहिला. सत्तर हजारांहून अधिक पुतळे, आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहेत.

मी धरली दुपारची वेळ, दोनच्या आधीची. इब्राहिमखानाच्या गारद्यांनी डाव्या बाजूला रोहिल्यांना रेटलंय, मध्यावर हुजुरात घुसलीय, आणि विश्वासराव अजून घोड्यावर आहेत. माझ्या टेबलावर ते कायम घोड्यावरच राहणार. हे वेडेपण आहे हे मला कळतं. पण मराठी माणसानं पानिपत मांडायचं तर दुसरं काय करणार?

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. मराठ्यांची बाजू जवळपास पूर्ण झाली होती. आई तेव्हा जिने चढायची. चहा घेऊन वर आली, कप खिडकीत ठेवला, चष्मा लावून बराच वेळ टेबलावर वाकून बघत राहिली. मला वाटलं, शाबासकी येणार.

तिनं विचारलं, "आणि यांचा स्वयंपाक कोण करायचं रे?"

मी हसलो. नुसता हसलो नाही, म्हणालो, "अगं आई, ही लढाई आहे. भोंडला नाहीये."

ती काही बोलली नाही. रिकामा कप न्यायला थांबायची, त्या दिवशी थांबली नाही. नंतर गुडघे दुखायला लागले म्हणून वर येणं बंद झालं, असं मी धरून चाललो. गुडघे दुखत होते हे खरंच. पण ते कारण मला फार सोयीचं होतं, हेही खरं.

मागच्या दिवाळीत भाच्यानं अंगणात किल्ला केला. मी आपला तज्ज्ञ म्हणून खुर्ची टाकून बसलो होतो. बुरूज असा नको, तटाला उतार दे, वगैरे. आई ओट्यावर बसून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चित्रं एकेक करून त्याच्या हातात देत होती. महाराज. दोन भालदार. मावळे. आणि मग डोक्यावर घागर घेतलेली गवळण, तराजूवाला वाणी, जात्यावर बसलेली बाई, बैल घेऊन निघालेला शेतकरी. "हिला विहिरीपाशी ठेव," आई म्हणाली. "पाण्याशिवाय कसले तुझे मावळे लढतायत!"

मी एकदम गप्प झालो. सात-आठ वर्षांचा असताना माझ्याही किल्ल्यावर ही सगळी मंडळी होती. गवळण मावळ्याच्या दीडपट उंच असायची, वाघ दरवाजाहून मोठा. प्रमाणाच्या नावानं बोंबच होती. पण माणसं सगळी होती. मोठा झालो, अभ्यास केला, माप काटेकोर पाळलं, आणि अर्धी माणसं हाकलून दिली.

अर्धी कसली, त्याहून जास्त. पानिपतावर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे कितीतरी अधिक होते. बायका, पोरं, आचारी, भिस्ती, मोतद्दार, बाजारबुणगे, आणि फौजेच्या सोबतीनं मथुरा, कुरुक्षेत्र घडेल म्हणून निघालेले यात्रेकरू. आपल्याकडे 'बुणगे' हा शब्द शिवीसारखाच वापरतात. यांच्यामुळे हरलो, असंही म्हणतात. त्यांचं ओझं होतं यात शंका नाही. रसद तुटल्यावर तीही तोंडं होतीच. पण गोलाची लढाई करायची म्हणजे काय? गारदी पुढे, घोडदळ बाजूला, आणि मध्ये सांभाळून हीच माणसं घेऊन दिल्लीच्या वाटेला लागायचं. माझ्या टेबलावर तो गोल होता आणि त्याच्या आत हिरवा भुसा होता! मग विंचूरकर-गायकवाडांची शिस्त मोडली आणि गारद्यांच्या तोफा बंद पडल्या, हे मी कितीही अचूक दाखवलं तरी काय मोडलं हे दिसणार कसं? संध्याकाळनंतर काय झालं, किती मारले गेले, किती बायका-मुलं गुलाम म्हणून नेली गेली, ते लिहवत नाही. पार्वतीबाई परत आल्या म्हणून त्यांचं नाव राहिलं. बाकीच्यांचं नावही नाही, आणि माझ्याकडे दाणाही नव्हता.

सायबॉर्नच्या बाबतीत एक गोष्ट वर सांगायची राहिली. त्याच्या देखाव्यात इंग्रजांच्या मदतीला आलेलं प्रशियन सैन्यही पूर्ण होतं. ते वेलिंग्टनला रुचलं नाही, कारण विजयात वाटेकरी दिसत होता. शेवटी सायबॉर्ननं हजारो प्रशियन पुतळे टेबलावरून उचलले. वाचताना मला त्याची कीव आली होती. त्याला निदान एका ड्यूकनं भाग पाडलं. मला कुणी सांगितलं होतं?

पाडव्याच्या रात्री हिशेब केला. बुणगे एक लाख धरले तरी पंचविसाला एक म्हणजे चार हजार दाणे. रोज वीस, म्हणजे दोनशे रात्री. नवी चित्रं लागणार. मित्र म्हणाला, असली डिझाइन्स तयार मिळत नाहीत, सैनिकच मिळतात. मग आम्ही ती बनवून घ्यायची ठरवली. कच्ची चित्रं काढून मी खाली आईकडे गेलो.

"आई, त्यांचा स्वयंपाक कोण करायचं, ते मांडायचंय. जरा बघतेस?"

तिनं कागद डोळ्यांजवळ धरला. म्हणाली, "काम करताना पदर असा लोंबत नसतो, खोचलेला असतो. आणि हिच्या कडेवर मूल दे. एवढ्या सगळ्यांत एकीच्याही कडेवर मूल नाही होय?" थोड्या वेळानं कागद परत देताना म्हणाली, "तेव्हा हसला होतास."

मी म्हटलं, "हो."

"चूल बांध आधी," ती म्हणाली. "पण धूर दाखवू नकोस. धान्य कुठं होतं शिजवायला?"

हे मला सुचलं नसतं. शेजवलकर वाचूनही सुचलं नसतं. रसद तुटली, उपासमार झाली, हे सगळं मला तारखांसकट पाठ होतं. विझलेली चूल मात्र आईनं सांगितली.

आतापर्यंत नऊशे झालेत. खाली स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगवतो, म्हणजे तिला दिसतं. लुगड्यांचे रंग ती सांगते. लढाई वर तशीच थांबून आहे, विश्वासराव घोड्यावर आहेत. असो. आजचे वीस अजून बाकी आहेत.