ळ कोठे बसतो?

मिरा-भाईंदरच्या आमच्या महाविद्यालयात, मराठी विभागात, लिनक्सवर चालणारा एक संगणक आहे. संतकाव्यातील शब्दांची सूची आम्ही त्यावर ठेवतो. ती अकारविल्हे लावण्याचे काम एका ओळीच्या आज्ञेवर सोपवलेले आहे. दिवसा, समोर बसून आज्ञा दिली की क्रम येतो : कवन, कसब, कळस. तीच आज्ञा रात्री ठरल्या वेळी आपोआप चालली की सकाळी सूचीत कळस आधी, मग कवन आणि कसब. विद्यार्थी कसबाच्या पुढे शोधतो, तेथे कळस दिसत नाही, आणि तो शब्द सूचीत नाहीच असे धरून चालतो.

कारण शोधू गेलो तर ते ळपाशी निघाले. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा वच्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो हनंतर, आणि २००९ च्या शासननिर्णयातही तेथेच. भाषा मराठी आहे असे कोणी सांगितले नाही तर यंत्र केवळ संकेतांक पाहून रांग लावते. हे सांगणारी ओळ आमच्या संगणकावर 'बॅशआरसी' नावाच्या धारिकेत आहे. नावाआधी टिंब असल्यामुळे ती सहसा दिसतही नाही. (यातील 'आरसी' हे १९६० च्या दशकातील 'रनकॉम'चे अवशेष, व्युत्पत्तीचा मोह आम्हांला येथेही सुटत नाही.)

आता मौज अशी की ही धारिका दर वेळी वाचली जात नाही. बॅश हा आज्ञा ऐकणारा कार्यक्रम आधी आपण कोणत्या दाराने आलो ते पाहतो. नाव आणि परवलीचा शब्द देऊन प्रवेश केला, तर तो सर्वांसाठीची 'प्रोफाइल' वाचतो आणि मग वापरकर्त्याच्या तीन संभाव्य धारिकांपैकी जी प्रथम सापडेल तेवढीच. उरलेल्या दोन तशाच राहतात. आत आल्यावर नुसती नवी खिडकी उघडली, तर बॅशआरसी. रात्रीच्या कामाला मात्र समोर कोणी बसलेलेच नसते, म्हणून यांतले काहीच वाचले जात नाही. नांदीवाचून थेट पहिला प्रवेश! आमची मराठी दिवसापुरती होती ती यामुळे.

असो. रात्रीच्या आज्ञापत्राच्या माथ्यावरच आता भाषेची ओळ घातली आहे आणि कळस कसबाच्या खाली आला आहे. 'क्षणिका' कमध्ये ठेवायची की सूचीच्या शेवटी, यावर मात्र विभागात अद्याप एकमत नाही.